घरच्या ऑडिओ सिस्टिमसाठी कंडिशनर, स्टॅबिलायझर की यूपीएस: नागपूरच्या लाईनवर काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने

पॉवर कंडिशनर या एका नावाखाली दुकानात चार-पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. कशात फक्त सर्ज (व्होल्टेजचा क्षणभराचा मोठा झटका) अडवणारे एमओव्ही नावाचे भाग असतात, कशात सोबत नॉइज फिल्टर असतो, कशात लाईन आणि सामान यांचा थेट जोड तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि थोड्याच मॉडेलमध्ये व्होल्टेज खरोखर सांभाळणारा रेग्युलेटर असतो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, समोर डिस्प्ले आणि मागे आठ सॉकेट. त्यामुळे "कोणता कंडिशनर चांगला" हे विचारायच्या आधी आपल्या घरच्या लाईनला नेमकं काय होतंय ते शोधायला पाहिजे, आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे की नागपुरात बहुतेक घरांत पैसा आधी अर्थिंगवर आणि डीबीतल्या (घरातल्या फ्यूज-एमसीबीच्या बोर्डातल्या) संरक्षणावर जायला पाहिजे, कंडिशनरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि कित्येक घरांत त्याची गरजच पडत नाही.

आधी मीटर लावा

एक बरा डिजिटल मल्टीमीटर घ्या, ज्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (CAT III 600V) असं छापलेलं असेल असा. सॉकेटमध्ये प्रोब घालायची भीती वाटत असेल तर प्लगमध्येच लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो सिस्टिमच्या सॉकेटला लावून ठेवा आणि येता-जाता आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवत जा. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. आपल्याकडे दोन टोकं पाहावी लागतात: एक म्हणजे एप्रिल-मेमधली रात्र, साधारण नऊ ते बारा, जेव्हा गल्लीतले सगळे कुलर आणि एसी एकदम चालू असतात, मेअखेरच्या नवतपात तर हमखास, आणि दुसरं म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली पहाट, जेव्हा डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोडच नसतो आणि व्होल्टेज वर चढतं. उन्हाळ्यात १९५ दाखवणारं घर थंडीत २५० च्या वर दाखवू शकतं, आणि उन्हाळ्यातला आकडा पाहून घेतलेला स्टॅबिलायझर थंडीत कामाचा राहील का हे विकत घ्यायच्या आधीच कळलं पाहिजे.

आपला ठरलेला आकडा २३० व्होल्ट. त्याच्या दहा टक्के खाली म्हणजे २०७ आणि दहा टक्के वर म्हणजे २५३. तुमची लाईन वर्षभर या दोघांच्या मध्ये राहत असेल तर व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्रावर खर्च करायचं कारण सहसा उरत नाही.

आता एक गोष्ट जी बरेच लोक उलटी समजतात. लोक लो व्होल्टेजला घाबरतात, पण साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या क्लास एबी (नेहमीच्या पद्धतीच्या) ॲम्प्लिफायरला लो व्होल्टेजने फारसं काही होत नाही. समजा २३० ला त्याच्या आतली डीसी रेल (आतल्या सर्किटला मिळणारं डीसी व्होल्टेज) ५८ व्होल्ट आहे, तर १९० ला ती ४८ च्या आसपास येईल, जास्तीत जास्त पॉवर सुमारे एक तृतीयांश कमी होईल, आणि कानाला तो फरक दीड-पावणेदोन डेसिबलचा, म्हणजे फुल व्हॉल्यूमवर ऐकत नसाल तर लक्षातही येणार नाही. (प्रीअँप किंवा टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजमधल्या रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज मिळेनासं झालं तर मात्र घूं आवाज सुरू होतो, ती वेगळी खूण आहे.) पण तीच लाईन २५० झाली की रेल ६३ वर जाते आणि आतले फिल्टर कॅपॅसिटर ६३ व्होल्टचे असतील तर ते अगदी काठावर चालतात, वरून हिटसिंक जास्त तापतो आणि बाहेर तर ४५ डिग्री. म्हणून आपल्याकडे ॲम्प्लिफायरसाठी जास्त काळजी वरच्या बाजूची करायची.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर आणखीनच. ६.३ व्होल्टचा हीटर, ट्रान्सफॉर्मर २२० च्या टॅपिंगचा (म्हणजे २२० व्होल्टसाठीच्या टोकाला जोडलेला) आणि लाईन २५० असेल तर हीटरला ७.१६ व्होल्ट मिळतात, म्हणजे तेरा टक्क्यांपेक्षा जास्त. ट्रान्सफॉर्मरला २४० चं टॅपिंग दिलेलं असेल तर तिथे वायर बदलून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला कंडिशनर. याच्या उलट ज्या सामानाच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे आत एसएमपीएस (स्वतःच व्होल्टेज जुळवून घेणारा पॉवर सप्लाय) आहे, स्ट्रीमर, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा), बरेचसे क्लास डी ॲम्प्लिफायर, त्यांना व्होल्टेज १८० आहे की २३५ याने काही फरक पडत नाही, त्यांच्यापुढे स्टॅबिलायझर लावणं म्हणजे नुसता खर्च.

न्यूट्रल आणि अर्थ, इथे घाई करू नका

मीटरने तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे यायला पाहिजेत. तिसरा एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. आता घरातली इस्त्री किंवा गीझर चालू करून पुन्हा पाहा, तिसरा आकडा चार-पाचच्या वर जात असेल तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंग कमजोर आहे. आणि कितीही लोड टाकला तरी तिसरा आकडा ठार शून्यच राहत असेल तर खूश होऊ नका, सॉकेटच्या मागे कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ठेवले असण्याची शक्यता आहे. हे फार धोक्याचं आहे, कारण मागे न्यूट्रल सुटला की सगळ्या सामानाची बॉडी फेजवर येते. महाल-इतवारीच्या जुन्या घरांत, जिथे तिसरी वायर मूळ वायरिंगमध्येच नव्हती, तिथे हे आवर्जून तपासून घ्या.

अँपच्या (म्हणजे ॲम्प्लिफायरच्या) बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ पोचतच नाहीये. फिल्टरवाल्या सामानात फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला छोटे कॅपॅसिटर जोडलेले असतात, अर्थ नसला की बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. कंडिशनरमध्ये हाच फिल्टर मोठा असतो. म्हणजे अर्थिंग नसलेल्या घरात महागडा कंडिशनर लावला तर सर्ज तर नीट अडणार नाहीच, मुंग्या मात्र वाढू शकतात.

स्वतंत्र घर असेल तर वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन यायला सांगा, नुसता बल्ब लावून "चांगलं आहे साहेब" म्हणणं पुरेसं नाही. पाच ओहमच्या आत आलं तर चांगलं समजतात. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग छान दाखवतं, पण मे महिन्यात तीच माती भेगाळते आणि रॉडला किंवा प्लेटला नीट चिकटून राहत नाही, त्यामुळे मोजणी उन्हाळ्यात करा आणि खड्ड्याच्या पाइपमध्ये मार्चपासून पाणी टाकत जा. फ्लॅटमध्ये अर्थिंग सगळ्या बिल्डिंगचं एकच असतं, तिथे आपल्या डीबीपर्यंत हिरवी वायर खरंच येते का आणि तिचा स्क्रू घट्ट आहे का एवढं पाहून घ्या, बाकी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढावा लागेल.

सिस्टिमसाठी डीबीपासून वेगळी लाईन ओढता आली तर ओढाच: ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट, स्वतःचा एमसीबी. फायदा असा की फ्रिजचं आणि कुलरच्या पंपाचं सुरू-बंद होणं त्याच वायरवर येत नाही आणि जोड कमी होतात. पण जाड वायरने गल्लीतलं व्होल्टेज सुधारत नाही हेही ध्यानात ठेवा. २० मीटर अंतरावर ५ अँपिअरला १.५ एमएमच्या वायरीत जेमतेम अडीच व्होल्ट पडतात आणि ४ एमएममध्ये एक व्होल्टही नाही. तुमचे ३५ व्होल्ट गायब होत असतील तर ते डीपी आणि खांबाच्या मधे होतायत, त्यासाठी महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा, लेखी अर्ज करा आणि लिहून ठेवलेले आकडे त्याला जोडा.

डीबीत दोन वस्तू

पहिली, सर्ज अडवणारं एसपीडी. विदर्भात पावसाआधीच्या वादळात वीज किती कडाडते ते सांगायला नको. टाइप टू, सतत सहन करायचं व्होल्टेज २७५ किंवा ३२० असलेलं, नॉमिनल २० किलोअँपिअरचं सिंगल फेज एसपीडी मागा, ज्यात फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब असते, दुकानदाराला "वन प्लस वन" म्हटलं की कळतं. आपल्या लाईनवर ३२० वालं मला जास्त पटतं. ते आरसीसीबीच्या (करंटची गळती पकडून लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) आधी बसवायचं आणि त्याच्या वायरी शक्य तितक्या आखूड ठेवायच्या, एकूण अर्ध्या मीटरच्या आत, कारण लांब वायरीत सर्जच्या वेळी जे व्होल्टेज पडतं ते तुमच्या सामानावरच येतं. लेग्रँड, हॅगर, श्नायडर अशा कंपन्यांची मिळतात. समोर छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल झाली की कार्ट्रिज बदला, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर तिथे नजर टाकायची सवय लावा.

दुसरी वस्तू लोक विसरतात, आणि मला विचाराल तर नागपुरात हीच जास्त महत्त्वाची: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. थ्री फेजच्या लाईनवर वादळात किंवा फांदी पडून न्यूट्रल तुटला की ज्या घरांवर लोड कमी असतो तिथे व्होल्टेज ३५०-४०० कडे जातं, आणि ते मिलीसेकंदापुरतं नाही तर लाईनमन येईपर्यंत टिकतं. एसपीडी क्षणभराच्या झटक्यासाठी असतं, असा सततचा ताण त्याच्या एमओव्हीला झेपत नाही, ते तापून जळतं. स्पाइक गार्डच्या पट्ट्या याच कारणाने काळ्या पडतात. डीबीतल्या पट्टीवर (डीन रेलवर) बसणारा, दोन आकडे दाखवणारा, ४० किंवा ६३ अँपिअरचा प्रोटेक्टर फार महाग नसतो आणि अख्ख्या घराला लागतो. वरचा कट २६५, खालचा १७०-१७५, परत चालू व्हायला किमान एक मिनिट (घरात एसी असेल तर तीन मिनिटं). ज्यांच्याकडे थंडीत लाईन २५८-२६० दाखवते त्यांनी वरचा कट २६० ला ठेवू नये, नाहीतर रोज पहाटे घर बंद पडेल.

डीबीतलं काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून. यात घासाघीस करू नका.

घूं आवाज येतो म्हणून कंडिशनर घेताय?

थांबा. आधी आवाज कुठून येतोय ते पाहा. अँपच्या डब्याला कान लावल्यावर येतोय की स्पीकरमधून? दोन्ही वेगळे आजार आहेत.

स्पीकरमधून येत असेल तर अँपला जोडलेली सगळी इनपुट काढा, फक्त स्पीकर ठेवा. आवाज गेला तर लाईनचा दोष नाही, ग्राउंड लूप आहे, म्हणजे सामान दोन वाटांनी अर्थला जोडलं गेल्यामुळे केबलमधून घूं शिरतोय. एकेक केबल परत लावा, बहुतेक वेळा केबल टीव्हीची किंवा डिशची कोअॅक्स वायर सापडेल, नाहीतर चार्जरला लावलेला लॅपटॉप. केबल टीव्हीच्या कोअॅक्सला आयसोलेटर, लॅपटॉपला यूएसबी आयसोलेटर, आणि सगळी सिस्टिम एकाच सॉकेटवरून, एवढ्याने बहुतेक काम होतं. अर्थची पिन काढून टाकली की आवाज जातो असं कोणी सांगेल, जातोही, पण ते कधीच करू नका, घरात लहान मुलं आहेत, धातूची बॉडी आहे.

कंडिशनरमधला फिल्टर चोक (तारेची गुंडाळी) आणि कॅपॅसिटरचा असतो, तो हजारो हर्ट्झच्या वरची खरखर कापतो. ५० किंवा १०० हर्ट्झचा घूं त्याच्यातून जसाच्या तसा निघून जातो. हे एवढं जरी खरेदीआधी माहीत असलं तरी बराच पैसा वाचतो.

डब्यातूनच आवाज येत असेल, ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असेल, आणि घरातला हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर लावला की वाढत असेल, तर लाईनवर थोडं डीसी आलेलं आहे. टोरॉइडल (गोल कड्यासारखा) ट्रान्सफॉर्मर याला फार नाजूक. यावर उपाय डीसी ब्लॉकर, डायोड आणि मोठ्या कॅपॅसिटरचा साधा सर्किट, फिल्टरने हे जात नाही.

उरली खरखर-कटकट. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरा. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे लोकल चार्जर, ट्रायॅकवाला (इलेक्ट्रॉनिक) पंख्याचा रेग्युलेटर यांच्याजवळ रेडिओ ओरडायला लागतो. ती वस्तू बदला. एका चांगल्या रेग्युलेटरच्या पैशात जो आवाज जातो त्यासाठी कंडिशनर कशाला घ्यायचा. एवढं करूनही खरखर राहिली, म्हणजे ती शेजारून किंवा खालच्या वर्कशॉपमधून येतेय, तर मात्र फिल्टरवाला कंडिशनर खरंच उपयोगी पडतो.

लोड किती?

प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणा आणि सगळी सिस्टिम त्यावर चालवा. १०० अधिक १०० वॉटचा क्लास एबी अँप नुसता चालू असताना ४०-६० वॉट घेतो, मोठ्याने गाणी लावली तरी सरासरी शंभर-दीडशेच्या घरात राहतो, आणि टेस्ट टोनवर फुल पॉवरला साडेतीनशे-चारशे. आता सरासरी पाहून २०० व्हीए क्षमतेचा डबा घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. अँपचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) करंट सलग घेत नाही, लाटेच्या टोकावर थोडा वेळ एकदम ओढतो, लहान ट्रान्सफॉर्मर तिथे दबतो आणि तबल्याचा बायाँ किंवा बासचा ठोका मऊ पडतो. फुल पॉवरचा आकडा धरा, त्यात बाकीचं सामान मिळवा आणि वरून निम्मं आणखी ठेवा. वरच्या अँपसाठी १ केव्हीए (१००० व्हीए) हा हिशोब बरोबर बसतो.

आता यंत्र निवडा

लाईन खरोखर २०० च्या खाली किंवा २५३ च्या वर राहत असेल तर स्टॅबिलायझर. रिलेवाला स्वस्त असतो, व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, प्रत्येक पायरीला टक् आवाज आणि क्षणभराचा खंड, फ्रिजला चालतो, गाण्यात टोचतो. सर्वो स्टॅबिलायझर सलग फिरतो, आउटपुट एक-दोन टक्क्यांत धरतो, पण त्यात मोटर आणि कार्बन ब्रश असतात, ते झिजतात, आणि तो वळायला वेळ घेतो, म्हणजे १९० ला वर चढवून बसलेला असताना लाईन एकदम २४० झाली की काही क्षण आउटपुट बरंच वर जातं. म्हणून हाय कट असलेलाच सर्वो घ्या आणि तो ऐकायच्या खोलीच्या बाहेर ठेवा, गुरगुरतो. आयजीबीटीवाला (इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा) स्टॅटिक स्टॅबिलायझर वेगाने सुधारतो आणि त्याला ब्रश नसतात, बजेट असेल तर चौकशी करा. जुने सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) कोणी स्वस्तात देत असेल तर ऑडिओसाठी घेऊ नका, खूप तापतात, गुंजतात, आणि अँपच्या वरखाली होणाऱ्या लोडशी त्यांचं जमत नाही.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सुधारत नाही. पण न्यूट्रलवर स्वार होऊन येणारी घाण तो चांगली तोडतो, आणि टर्नटेबल-फोनो स्टेजवाल्यांना फरक ऐकू येतो. बनवून देणारे वाइंडर आपल्याकडे मिळतात, त्यांना दोन वाइंडिंगच्या मधे तांब्याचा शील्ड टाकायला सांगा आणि तो अर्थला जोडायला सांगा. एमसीबी सी किंवा डी कर्व्हचा लागेल, नाहीतर चालू करताक्षणी ट्रिप. आणि एक महत्त्वाचं, त्याच्या पुढे काही फॉल्ट झाला तर घरची आरसीसीबी तो पकडत नाही, म्हणून सेकंडरीचं (बाहेर देणाऱ्या वाइंडिंगचं) एक टोक अर्थला बांधून पुढे वेगळी ३० मिलीअँपची आरसीसीबी लावून घ्या.

इन्व्हर्टर आपल्याकडे घरोघरी आहे. तो स्क्वेअर वेव्ह असेल तर हॉलमधल्या सिस्टिमचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून टाका. प्युअर साइन असेल तर चालेल, फक्त लाईन असताना तो मधे काहीच साफ करत नाही, जे येतं तेच पुढे जातं. ऑनलाईन यूपीएस मात्र स्वतः नवीन साइन वेव्ह तयार करतो, व्होल्टेज, खंड, खरखर सगळंच एकदम मिटतं, पण त्याचा पंखा सतत वाजतो, उष्णता निघते, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. बाहेरच्या खोलीत ठेवून वायर आत आणता येत असेल आणि तुमच्या भागात लाईन खूपच ये-जा करत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या ११७-१२० व्होल्टच्या सामानाला खरा वाइंडिंगवाला स्टेपडाउन लागतो, हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नाही. टर्नटेबल असेल तर मोटर पाहा, ६० हर्ट्झची एसी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० वर ३३⅓ ऐवजी २७.८ च्या स्पीडने फिरेल, त्याला वेगळी पुली लागते.

दुकानात गेल्यावर

सीताबर्डीच्या बाजारात जा किंवा ऑनलाईन मागवा, चार गोष्टी लेखी विचारा: आत रेग्युलेशन आहे की नुसता फिल्टर, इनपुटची रेंज किती ते किती, ओव्हर व्होल्टेजला किती वर बंद होतो, आणि नागपुरात सर्व्हिस कोण देतं. फर्मनसारख्या इम्पोर्टेड कंडिशनरमध्ये २३० व्होल्टचं मॉडेल आहे का ते आवर्जून पाहा, त्यांची १२० व्होल्टची मॉडेलही बाजारात फिरत असतात. "साउंड ओपन होतो" एवढंच सांगणाऱ्याला घरी आठ दिवस लावून पाहायला मागा, परत घेत नसेल तर तिथून घेऊ नका.

घरी आणल्यावर आधी नुसता लावून आउटपुट मोजा, मग जुना स्पीकर आणि स्वस्तातलं काहीतरी जोडून दोन दिवस चालवा, त्यानंतरच मेन अँप. अँपला स्वतःचं सॉकेट, डॅक-स्ट्रीमरला वेगळं, आणि कंडिशनरच्या मागे एक्स्टेन्शन बोर्डाची माळ लावू नका. डिशची कोअॅक्स किंवा तांब्याची लॅन केबल सिस्टिमपर्यंत येत असेल तर आभाळातली वीज त्या रस्त्यानेही येते, फायबरमधून येत नाही, म्हणून कोअॅक्सवरही सर्ज प्रोटेक्टर लावा. आणि मेच्या शेवटी आभाळ काळं व्हायला लागलं की एवढं सगळं बसवलेलं असलं तरी प्लग आणि कोअॅक्स दोन्ही हाताने काढून ठेवा, घरावर किंवा जवळच्या खांबावर थेट पडलेल्या विजेपुढे यातलं कोणतंच यंत्र पुरत नाही.